'कै.'च्या जागी 'ती.' वाचावे

बुधवार, संध्याकाळ

प्रिय आत्या,

तुला पत्र लिहिताना मी नेहमी 'ती. आत्यास' अशी सुरुवात करते आणि तू उत्तरात हमखास चिडवतेस, की पदवी घेतलीस तरी पत्र मात्र पणजीसारखं लिहितेस. आज 'प्रिय' लिहिलंय, कारण त्या 'ती.'ने मोठा घोटाळा करून ठेवलाय. तो तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावा म्हणून ऑफिसातून आल्या आल्या लिहायला बसले. आतोबांच्या पुतण्याच्या फोनवर एव्हाना काही येऊन पोचलं असेल आणि तो तुझ्याकडे विचित्र नजरेने बघत असेल, तर त्याला सांग की तू आहेस. मला माहीत आहे, आईला माहीत आहे आणि आता बाबांनाही माहीत आहे. बाकीच्यांना पटवण्याचं काम चालू आहे.

पण आधी चांगली बातमी. पुस्तक निघालं. नाव तेच ठेवलं, 'खिसे तपासून द्यावेत'. लाँड्रीच्या काउंटरवरची ती पाटी एकही गिऱ्हाईक वाचत नसे, आणि म्हणून तर आपली चंगळ होती. शाळा सुटली की मी मागच्या दाराने थेट तुझ्याकडे यायची. वाफेने धूसर झालेली ती लांब खोली, साबणाचा आणि गरम सुताचा वास, आणि इस्त्रीच्या टेबलाखाली चादरींच्या गाठोड्यावर माझी ठरलेली जागा. वेण्यांना कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावून बसायची म्हणून मी चिमटी. तू कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी एकेक खिसा उलटा करायचीस आणि निघेल ते माझ्यापुढे ठेवायचीस. बसचं तिकीट, दात पडलेला कंगवा, कागदात गुंडाळलेली एकच गोळी, कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू. वस्तू पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत जायची, हा तुझा नियम कडक होता. पण परत जाण्याआधी तिची गोष्ट मात्र आपण ठेवून घ्यायचो. एका जाडजूड ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात तान्ह्या मुलाचा एकच मोजा निघाला होता, आठवतं? तू त्यावर दोन दिवस गोष्ट चालवलीस, आणि तो ओव्हरकोटवाला कपडे न्यायला आला तेव्हा मी टेबलाखालून त्याच्याकडे असं काही बघितलं, की बिचारा स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

त्या गोष्टी मी लिहून काढल्या. जिथे आठवेना तिथे माझ्या पदरचं घातलं, ते तुला वाचताना कळेलच आणि तू नाक मुरडशील. लिहिताना माझ्या मनात एक वेडी आशा होती, ती तुला कधी कळवली नाही. आपल्या घरात तुझ्याबद्दल बोलायचं नाही हे मी दहा वर्षांची असल्यापासून शिकले. तुझी पत्रं मला ऑफिसच्या पत्त्यावर येतात, हे बाबांना माहीत आहे आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे, पण आम्ही दोघंही तिकडे बघत नाही. मला वाटायचं, आपलं पुस्तक येईल, ते बाबांच्या हातात पडेल, पहिल्याच पानावर तू दिसशील आणि त्यांच्या तोंडून एकदा तरी 'ताई' हा शब्द निघेल. पुस्तक म्हणजे काय जादूची कांडी आहे का, असं तू म्हणशील. मला तेव्हा तसंच वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

प्रकाशकांचे दरवाजे ठोठावून झाले होते. एकांनी हस्तलिखित इतके दिवस ठेवलं की मला वाटलं मनापासून वाचतायत; परत आलं तेव्हा त्यावर चहाच्या कपाचा गोल होता आणि पानं माझ्या हातून जशी गेली तशीच कोरी करकरीत. दुसऱ्यांनी बसवून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, लाँड्री हा काही विषय होत नाही, तुम्ही तरुण आहात, प्रेमावर लिहा. मी म्हटलं, हे प्रेमावरच आहे. त्यांना ते विनोदी वाटलं. तेव्हा ठरवलं की आपणच छापायचं. पुस्तक आपलं असेल तर त्याचं ओझंही आपणच उचलावं, यात कसली लाज? मग मी कागदाची जाडी बोटांनी ओळखायला शिकले, मुखपृष्ठासाठी आपल्या जुन्या लाकडी चिमट्यांचा फोटो स्वतः काढला, आणि मुद्रितं इतक्या वेळा वाचली की काही वाक्यं मला झोपेत ऐकू यायची. खोकी घरी आली त्या दिवशी आईने कमरेवर हात ठेवून विचारलं, की या घरात आता माणसांनी राहायचं की पुस्तकांनी, ते एकदा ठरवा. पलंगाखाली, कपाटावर, शिवणयंत्राच्या मागे, सगळीकडे खोकी. बाबांना मी पहिली प्रत दिली. त्यांनी ती उलटीपालटी केली, पाठीमागचा माझा फोटो बघितला, म्हणाले, "बांधणी पक्की आहे," आणि टीव्हीच्या शेजारी ठेवून दिली. उघडली नाही. माझी जादूची कांडी टीव्हीशेजारी पडून राहिली.

छापणं सोपं असतं गं, खपवणं अवघड. त्यासाठी मी एका शिबिरात नाव घातलं, संगणकावरच भरायचं ते. त्यातले मार्गदर्शक पहिल्याच दिवशी म्हणाले की लेखकाने लाज सोडली पाहिजे, दिवसातून एकदा तरी लोकांना आपला चेहरा दिसला पाहिजे. मी आरशासमोर उभं राहून पुस्तक हातात धरून बोलायचा सराव केला, तर आई आतून ओरडली, की कुणाला विकतेयस, भिंतीला? नातेवाइकांच्या गटावर टाकलं, तर सगळ्यांनी अंगठे पाठवले, पुस्तक एकानेही मागवलं नाही. दुकानदार म्हणाले, ठेवून जा, विकलं गेलं तर बघू. पुढच्या खेपेला गेले तर ते खालच्या फळीवर पाककृतींच्या मागे उभं. तेव्हा मला तुझी आठवण झाली, आणि एक कल्पना सुचली जी त्या शिबिरात कुणी शिकवली नव्हती. मी खूणपट्ट्या छापून घेतल्या. त्यावर एवढंच: 'तुमच्या खिशात ही चिठ्ठी कुणी ठेवली? खिसे तपासून द्यावेत.' आणि खाली पुस्तक मागवायचा नंबर. त्या घेऊन मी शहरातल्या लाँड्र्या पालथ्या घातल्या. तुझ्या जुन्या लाँड्रीत आता नवा मालक आहे, पण मागच्या खोलीतल्या बायका त्याच जातीच्या, हसऱ्या आणि तोंडाळ. मी म्हटलं, इस्त्री झालेल्या शर्टाच्या खिशात एकेक सरकवाल का? एक जण म्हणाली, आयुष्यभर लोकांच्या खिशातून काढत आले, आता घालूनही बघते.

आणि चाललं, आत्या! लोक सकाळी कोट घालायचे, खिशात हात जायचा आणि दुपारपर्यंत मला निरोप यायचा. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या पांढऱ्या कोटात पट्टी सापडली. त्यांनी पुस्तक मागवलं, एका बैठकीत वाचलं आणि अर्पणपत्रिकेच्या पानाचा फोटो काढून आपल्या फोनवरून जगजाहीर केला. सोबत लिहिलं होतं, की जिने या मुलीला गोष्टी सांगितल्या ती आत्या हे पुस्तक बघायला राहिली नाही. हे वाचून माझे डोळे भरून आले. त्याखाली लोकांनी हात जोडले होते, फुलं वाहिली होती, कुणी आपापल्या आत्यांच्या आठवणी लिहिल्या होत्या. फोन सारखा वाजत होता, पुस्तकाला मागणी येत होती. मी कशी वेडी बघ, आधी मनात आलं की अरेरे, कुणाची आत्या गेली? मग पानाचा फोटो मोठा करून बघितला. त्यावर छापलं होतं: 'कै. आत्यास'.

मी ते पान एकदाही तपासलं नव्हतं. बाकी सगळं पुस्तक चाळणीतून काढलं, आणि दोन शब्दांचं पान तसंच सोडलं. अर्पणपत्रिका मी शेवटपर्यंत ठरवली नव्हती. काय काय लिहून खोडलं, आणि छापायला जाण्याच्या दिवशी कागदाच्या तुकड्यावर 'ती. आत्यास' एवढंच लिहून जुळणीवाल्या दादांच्या हातात दिलं. मी धावत त्यांच्याकडे गेले. ते संगणकासमोर बसून कुणाची तरी निमंत्रणपत्रिका जुळवत होते. भला माणूस. मी पान पुढे धरलं तर त्यांना चूक दिसेचना. म्हणाले, "तुम्ही 'ती.' लिहिलं होतं, मला वाटलं घाईत चुकलं. मी नीट करून दिलं." त्यांना 'ती.' म्हणजे तीर्थरूप हे माहीत होतं, पण हल्ली असं कोण लिहितं? आणि मुख्य म्हणजे त्यांनी माझं मनोगत स्वतः जुळवलेलं होतं. त्यात काय लिहिलंय, ते त्यांनी मला पडद्यावर काढून दाखवलं. 'मी दहा वर्षांची असताना आत्या गेली आणि गोष्टी थांबल्या.' दादा हळू आवाजात म्हणाले, "गेली म्हणजे... गेलीच ना?"

मी माझंच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत उभी राहिले. मला वेगळं काही म्हणायचंय असं लिहिताना एकदाही वाटलं नाही, कारण आमच्या घरात ते असंच म्हणतात. तू आतोबांच्या व्हॅनमध्ये दोन पिशव्या ठेवून गेलीस, त्यानंतर कुणी विचारलं की बाबा तोंड फिरवून म्हणायचे, "ती गेली." त्या एका शब्दात सगळं बसायचं. विचारणारा चपापून गप्प व्हायचा आणि बाबा त्याला सुधारायचे नाहीत. मी शाळेतही तेच सांगितलं होतं. आमच्या बाईंनी मला जवळ घेतलं, आणि मैत्रिणीने आपल्या डब्यातला लाडका घास मला दिला. मला वाटलं, आत्या दुसऱ्या गावी राहायला गेली की सगळ्यांनाच असं वाईट वाटतं. तोच शब्द मी पुस्तकात जसाच्या तसा नेऊन ठेवला.

दुपारी मार्गदर्शकांचा फोन आला. त्यांनीही ते सगळं बघितलं होतं आणि फार खुशीत होते. मी चूक सांगितली तर ते समजुतीच्या सुरात म्हणाले की आत्ता घाईने काही खुलासा करू नका, हा आठवडा जाऊ द्या, तुम्ही थोडंच खोटं बोललात, लोकांनी आपापलं वाचलं. पुस्तकाला असे दिवस पुन्हा येत नाहीत. त्यांचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने बरोबरच असेल. पण मला समोर तू दिसायला लागलीस, त्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत टॉवेल झटकताना, आणि तुझ्या नावाने वाहिलेल्या फुलांवर माझी पुस्तकं खपताना. मी त्यांचे आभार मानले आणि खुलासा लिहायला घेतला. तो पुरा व्हायच्या आत दार वाजलं.

दारात बाबा होते. भर दुपारी, खांद्यावर हत्यारांची पिशवी तशीच, हाताला ग्रीस. लिफ्टची दुरुस्ती अर्धी सोडून ते कधी घरी येत नाहीत, तुला माहीत आहे. झालं होतं असं, की ज्या इमारतीत ते काम करत होते तिथल्या एका बाईंनी लिफ्टमध्ये चढता चढता त्यांना सांगितलं, तुमच्या बहिणीचं वाचलं, फार वाईट झालं. बाबा सवयीने म्हणाले, ती केव्हाच गेली. त्या म्हणाल्या, हो, पण मुलीने किती सुंदर लिहिलंय. आणि फोनवरचं ते पान त्यांच्यासमोर धरलं. छापलेलं बघितल्यावर बाबांचं काय झालं ते मी कसं सांगू? ते दारातच उभे होते. त्यांनी मला एकच विचारलं.

"कधी?"

मी म्हटलं, काय कधी?

"ताई कधी गेली? मला कसं कुणी सांगितलं नाही?"

ज्या शब्दाची मी इतकी वर्षं वाट बघत होते तो असा आला, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. मी घाईघाईने सांगितलं की बाबा, छापण्यात चूक झाली, आत्या आहे, मागच्याच महिन्यात तिचं पत्र आलं. "म्हणजे आहे?" मी म्हटलं, आहे. "नक्की?" नक्की. मग ते चपलांच्या कपाटावर बसले, तेही पिशवी खांद्यावरून न उतरवता. आईने पाणी आणून दिलं. ते संपवल्यावर त्यांना राग सापडला. कोण तो छापणारा, त्याचा पत्ता दे, माणसाला जिवंतपणी मारतो म्हणजे काय, असं ते चढ्या आवाजात बोलायला लागले. आईने ऐकून घेतलं आणि रिकामा पेला हातात घेत शांतपणे म्हणाली, "इतकी वर्षं तुम्हीच सांगत होता ती गेली म्हणून. त्याने नुसतं छापलं." बाबा हात धुवायला गेले ते बराच वेळ नळ चालू होता.

खुलासा मी त्याच संध्याकाळी टाकला. बहुतेक लोक छान वागले. डॉक्टरीणबाईंनी तर तुझ्या दातांची मोफत तपासणी कबूल केली आहे, तेव्हा ये. काही जणांना मात्र फसवल्यासारखं वाटलं. एका गृहस्थांनी कळवलं की बाई जिवंत असतील तर पुस्तक परत घ्या. मी परत घेतलं. जुळणीवाल्या दादांना तर इतकं लागलं, की त्यांनी स्वतः होऊन छोटी शुद्धिपत्रं छापून आणून दिली, ''कै.'च्या जागी 'ती.' वाचावे', म्हणजे प्रत्येक प्रतीत एकेक घालता येईल. मी घालायला बसले. बाबांनी एक उचलून बघितलं आणि म्हणाले, "हे गळून पडेल. की माणूस पुन्हा मेला." मग त्यांनी आपली पोलादी पट्टी आणली, चष्मा लावला, पहिलं खोकं उघडलं आणि 'कै.'वर एक सरळ रेघ मारून वर 'ती.' लिहिलं. लिफ्टच्या तपासणीच्या तक्त्यात भरतात ना, त्या त्यांच्या ठसठशीत अक्षरात. आता कामावरून आले की चहा घेऊन ते त्याच कामाला बसतात. मला हात लावू देत नाहीत. माझी 'ती'ची वेलांटी त्यांना आवडत नाही.

या रेघा मारता मारता ते बोलतात, मान वर न करता. मला आजवर वाटत होतं की बाबांना तुझ्या लग्नाचा राग आला, त्या वयात बहिणीने व्हॅनवाल्याशी लग्न केलं म्हणून त्यांना लोकांची लाज वाटली. ते तसं नव्हतं गं. परवा ते म्हणाले, लग्न करायचं होतं तर करायचं, मी का नको म्हटलं असतं? तो माणूस चांगला होता, माझी पिशवी त्याने कितीदा व्हॅनमध्ये घेतली. पण तुमची लाँड्रीची मालकीण त्यांना लिफ्टमध्ये भेटली आणि म्हणाली, बहिणीच्या लग्नाचं अभिनंदन हो. लिफ्ट चालू, आणखी माणसं आत, आणि बाबांना काही माहीतच नव्हतं. "सख्ख्या बहिणीचं लग्न मला लिफ्टमध्ये कळावं?" एवढंच म्हणाले आणि पुढची प्रत घेतली. तू त्यांना का सांगितलं नाहीस ते मला माहीत नाही. नाही म्हणतील अशी भीती वाटली असेल, किंवा धाकट्या भावापुढे लाजली असशील. मी तुला विचारत नाही. पण मरणही लिफ्टमध्येच कळलं, तेव्हा त्या माणसाचं काय झालं असेल याचा विचार करून मला त्यांच्यावर रागावता येईना.

आणखी एक. ते पुस्तक वाचतायत. एका संध्याकाळी म्हणाले, यात शिट्टीची गोष्ट नाही. मला कुठली ते आठवेना. तर त्यांनी ती मला सांगितली, अगदी तुझ्या ढंगात थांबत थांबत. एका माणसाच्या पायजम्याच्या खिशात शिट्टी सापडते. झोपताना घालायच्या कपड्यात कुणी शिट्टी कशाला ठेवील? तर तो माणूस एकटा राहत असतो, आणि गरज पडली की वाजवायची असं त्याने ठरवलेलं असतं, पण वाजवली तर कोण येणार हे त्याला माहीत नसतं. तू ती मला लाँड्रीत नाही, घरी सांगत होतीस म्हणे, झोपवताना. पलीकडच्या खोलीत बाबा अंथरुणावर पडून ऐकायचे. रोज ऐकायचे, आत्या! दिवसभराच्या कामाने झोप आलेली असायची तरी गोष्ट संपेपर्यंत डोळे उघडे ठेवायचे. मी विचारलं, मग पुढे? म्हणाले, "पुढचं दुसऱ्या दिवशी सांगणार होती. दुसऱ्या दिवशी ती नव्हती."

गेल्या शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये स्वतःची पुस्तकं स्वतः काढणाऱ्यांचा बाजार होता. एका टेबलावर दोघं. माझ्या शेजारी निवडुंगावर पुस्तक लिहिलेले आजोबा होते, ते येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून कुंडीतला निवडुंग दाखवायचे आणि मग पुस्तक गळ्यात मारायचे. बाबा न सांगता आले. इस्त्रीचा शर्ट घालून, पट्टी आणि पेन घेऊन. ज्यांनी आधीच्या प्रती घेतल्या होत्या त्यातले काही जण त्या दुरुस्त करून घ्यायला आले होते, बाबांपुढे चक्क रांग लागली. मार्गदर्शकही आले होते, म्हणाले, अशी कल्पना मला सुचली नसती. एका बाईंनी सही मागितली तर बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी विचारलं, मग तुम्ही कोण? मला वाटलं म्हणतील, लेखिकेचे वडील. पेनाला टोपण लावत ते म्हणाले, "ज्यांना अर्पण केलंय ना, त्यांचा धाकटा भाऊ."

काल त्यांनी माझ्याकडे एक कोरा कागद मागितला. खिडकीशी बसून 'ती. ताईस, सा. न.' एवढं लिहिलं आणि तिथेच थांबले. चहा गार झाला, उजेड गेला, आईने दिवा लावला, तरी पेन तिथेच. शेवटी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, पुढचं तू लिही. काय लिहू विचारलं तर म्हणाले, "आलो तर चालेल का, विचार. आधी तिला कळू दे. न कळवता दारात उभं राहायचं नाही." तो कागद याच पाकिटात आहे. वरची ओळ त्यांची, आणि हे सगळं त्याच्या पुढचं. त्यांच्या मनात पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने निघायचं आहे. तुला नको असेल तर मला फोन कर, मी त्यांना तसंच सांगेन, आणि ते दुसऱ्या दिवशी कामावर जातील. पण हो असेल, तर एक लक्षात ठेव. तुझ्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे लिफ्ट बघायला आलो असं म्हणायचीही त्यांची सोय नाही. म्हणून ते पुस्तकांचं एक खोकं घेऊन येणार आहेत, आणि ते मला उचलू देणार नाहीत. चार मजले चढून दम लागलेला असेल. तू दार उघडशील तेव्हा ते बहुतेक तुझ्याकडे न बघताच विचारतील, हे कुठे ठेवू? त्यांना जागा दाखव.

तुझीच,
चिमटी